ओल तपासायचं पिनवालं मीटर: आकडा सोडा, फरक बघा

आमची बिल्डिंग डोंबिवलीत, वीसेक वर्षं जुनी, त्यामुळे ओल हा विषय बारमाही. हे मीटर ऑनलाइन हजार-बाराशेला पडलं. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तोच डबा दहा नावांनी विकायला आहे. पुढे दोन टोकदार पिना, मागे 9 व्होल्टचा चौकोनी सेल, मधे छोटा स्क्रीन. पिना भिंतीत टोचायच्या, दोन पिनांमधून करंट किती सहज जातो त्यावरून ते ओलावा सांगतं. पिना नुसत्या बोटांना लावल्या तरी आकडा येतो, आमच्या मुलांचा तोच खेळ झालाय.

आता मेन गोष्ट. स्क्रीनवर टक्के येतात ते मुळात लाकडासाठी असतात. प्लास्टर-पुट्टीवर 20 आलं म्हणजे भिंतीत 20 टक्के पाणी आहे असं अजिबात नाही, आणि रिव्ह्यूमधे अर्धे लोक याच आकड्याला घाबरून वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन लावतात. आधी घरातली खात्रीने कोरडी भिंत मोजायची, तो आपला झीरो, मग तीच पुट्टी आणि तोच रंग असलेली संशयित भिंत मोजायची. मी बाथरूमच्या मागची बेडरूमची भिंत पेन्सिलीने वीतभर अंतरावर खुणा करून मोजली, स्कर्टिंगच्या लगेच वर आकडा कोरड्या भिंतीच्या दुपटीच्या पुढे, कमरेपर्यंत येता येता उतरलेला, आणि डोळ्याला तिथे काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं, फक्त कपाट सरकवल्यावर कुबट वास येत होता. प्लंबरने न्हाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकाला, बोळा घालून बाथरूममधे रात्रभर पाणी तुंबवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी त्याच खुणांवर आकडे आणखी वर. म्हणजे पाणी बाथरूमच्या फरशीखालून येत होतं. फरशांच्या सांध्यातलं सिमेंट उकरून एपॉक्सी (पाणी न झिरपणारा भराव) भरलं, ट्रॅपच्या कडा परत सील केल्या, आणि आता आकडे हळूहळू उतरतायत. घाई करू नका, प्लास्टर वाळायला महिने जातात, त्याआधी नवा रंग लावलात तर परत पोपडे येणार हे लिहून घ्या.

हे मीटर फसतं कुठे, तर भिंतीला पांढरा खार फुटलेला असेल तिथे. क्षारांमुळे करंट तसाच जास्त जातो, वरून ते हवेतला दमटपणाही ओढतात, त्यामुळे गळती कधीच बंद झालेली भिंतसुद्धा ओली दाखवते. भर जुलैत मोजलं तर सगळंच घर आजारी वाटेल. आणि पिना जेमतेम काही मिलिमीटर आत जातात, स्लॅबच्या पोटात काय चाललंय ते याला कळत नाही. छताला तपकिरी डाग किंवा सळईच्या रेषेत सरळ तडा दिसला तर मीटर ठेवून द्या आणि इंजिनियरला बोलवा, सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटच ढकलून पाडते. पंधरा वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनियरकडून मजबुतीची तपासणी, तसंही लागतंच.

एक फायदा जाहिरातीत कोणी सांगत नाही. वरच्या मजल्यावरचे काका ‘आमच्याकडे काही गळत नाही’ म्हणतात ना, त्यांच्यासमोर छताला पिना टोचून दाखवल्या की आवाज जरा खाली येतो. सोसायटीच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) टॉयलेट-सिंकमुळे आतल्या आत होणारं लीकेज त्या त्या मेंबरच्या खर्चाचं, गच्ची आणि बाहेरच्या भिंतींचं सोसायटीचं, त्यामुळे पाणी नक्की कुठून येतंय याचे तारीखवार फोटो कमिटीत कामाला येतात.

तक्रारी दोन. दर वेळी रंगाला दोन बारीक भोकं पडतात, हॉलमधे टोचलंत तर घरात बोलणी खाल. आणि सोबतचं माहितीपत्रक असलं दिव्य आहे की वाचूच नका.

पाचपैकी साडेतीन स्टार. जुना फ्लॅट बघायला जाताना खिशात टाकून न्या, ब्रोकरने नवाकोरा रंग मारलेल्या खिडकीखालच्या कोपऱ्यात आणि बाथरूमच्या चौकटीच्या खालच्या टोकाला जरूर लावून बघा, अर्थात मालकाला विचारून. घरभर भिंतींना टाइल्स असतील तर घेऊ नका, टाइलमधे पिन शिरत नाही.