आईच्या घराला मी स्वतः कॅमेरे बसवले, आणि हव्या त्या रात्रीचं रेकॉर्डिंगच नव्हतं

फेब्रुवारीत आई तीन दिवस मावशीकडे गेली होती. सोमवारी दुपारी परत आली तर परसदाराची कडी उचकटलेली, न्हाणीघरातला तांब्याचा बंब गायब, माळ्यावरची आजीची पितळी भांडीही गेलेली. मला फोन केला तेव्हा ती शांत होती. एवढंच म्हणाली, "तुझ्या कॅमेऱ्यात दिसेल ना रे?" मी म्हटलं, "दिसेल. कशाला हात लावू नकोस, मी निघतोच."

दिसलं नाही. का दिसलं नाही ते सविस्तर लिहितोय, कारण गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी माझ्यासारखेच अनेकजण स्वतः कॅमेरे बसवत असणार.

घर साताऱ्याजवळच्या गावात, मी पुण्यात. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच असते. गावाजवळच्या कॅमेरेवाल्याने वायर ओढून, डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि हार्ड डिस्क धरून २६ हजार सांगितले होते. मला ते जास्त वाटले. मोबाइलवर जाहिरात दिसली: चार वायफाय कॅमेरे, प्रत्येकात २५६ जीबीचं कार्ड, दारांचे दोन सेन्सर, सायरन आणि हे सगळं ॲपला जोडणारा हब, मिळून ११,९००. सोल्डरिंग, वायरिंग ही कामं मला येतात, म्हणून म्हटलं आपणच करू. गेल्या जुलैत यूपीआयने पैसे भरले. आठ दिवसांत खोकं आलं. एका शनिवार-रविवारात ओसरी, परसदार, गोठा आणि स्वयंपाकघराचं दार अशा चार जागी कॅमेरे लागले. चित्र स्वच्छ होतं. आई तुळशीला पाणी घालताना मला ऑफिसातून दिसायची. दोन-चार वेळा आदल्या रात्रीचं मागे नेऊन पाहिलं, तेही दिसलं. माझी खात्री पटली.

आता पोलीस ठाण्यातलं. ॲपमध्ये शनिवारी पहाटे २:४७ ला परसदाराच्या कॅमेऱ्याची सूचना आलेली होती. आंब्याची फांदी हलली तरी फोन वाजायचा, म्हणून रात्री त्या ॲपचा आवाज मी बंद ठेवत असे. वेळ तर मिळाली. त्या दिवसाची निळी पट्टीही सलग होती, म्हणजे रेकॉर्डिंग झालंय असं ॲप सांगत होतं. मी पट्टीवर २:४७ वर बोट ठेवलं. गोल चक्र फिरत राहिलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. हवालदार साहेब शेजारी उभे राहून बघत होते. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर त्यांनी विचारलं, "कॅमेरा चालू होता ना नक्की?" आई बाकावरून माझ्याकडे बघत होती. तिची ती नजर अजून माझ्या डोळ्यांसमोरून हटत नाही.

चारही कार्डं काढून पुण्याला आणली आणि लॅपटॉपला लावली. लॅपटॉपही म्हणतो २५६ जीबी. मग एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतो. एक कार्ड रात्रभर लावून ठेवलं. सकाळी निकाल: पहिले साधारण १५ जीबी बरोबर, पुढचं सगळं खोटं. चारही कार्डांची हीच गत. आत १६ जीबीची चिप, आणि तिचं काम चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये "मी २५६ आहे" असं खोटं सांगणारा बदल. फाइलींची यादी वाढत जाते, पण जागा संपली की नवं लिखाण जुन्यावर चढतं.

हिशेब सोपा आहे. माझे कॅमेरे सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने सतत रेकॉर्ड करत होते, म्हणजे दिवसाला सुमारे २१ जीबी. खऱ्या २५६ जीबीत अकरा-बारा दिवस बसले असते. १६ जीबीत पाऊण दिवससुद्धा नाही. म्हणूनच आदल्या रात्रीचं मला दिसायचं आणि मी निर्धास्त राहायचो. आठ दिवसांपूर्वीचं उघडून बघावं हे सात महिन्यांत एकदाही सुचलं नाही. तुमच्या घरी कॅमेरे असतील तर आज हेच करा: आठवड्यापूर्वीची कोणतीही वेळ निवडा आणि ते खरंच चालतंय का बघा. नवं कार्ड कॅमेऱ्यात घालण्याआधी ही चाचणी करा, मग ते कुठूनही घेतलेलं असो. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ३ नावाचा प्रोग्राम हेच काम करतो.

पण कार्डापेक्षा मोठी गोष्ट पुढे सापडली. जोडणी करताना हब ॲपला सापडत नव्हता, तेव्हा विक्रेत्याच्या मदतीच्या नंबरवर फोन केला होता. तिथला माणूस गोड बोलला. "सर, घरातल्या सदस्यांच्या यादीत आमचं अकाउंट टाका, आम्ही इथून करून देतो." मी टाकलं, पाच मिनिटांत काम झालं आणि ते अकाउंट काढायचं मी विसरलो. चोरीनंतर यादी उघडली तर ते अजून तिथेच होतं, चारही कॅमेरे बघण्याच्या परवानगीसह. सात महिने. त्याचा चोरीशी संबंध आहे असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण माझ्या आईच्या ओसरीत आणि स्वयंपाकघराच्या दारात कोण डोकावत होतं, हे मला कधीच कळणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं कॅमेऱ्यांचं फुटेज टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं, त्यात लातूर आणि सांगलीतूनही अटक झाली होती. ती बातमी मी वाचली होती. वाचून दूरची वाटली होती.

मदत करणाऱ्याला अकाउंटमध्ये घेऊ नका. घेतलंच तर काम संपताक्षणी काढा आणि पासवर्ड बदला. वापरलेला कॅमेरा घेत असाल तर जुन्या मालकाच्या अकाउंटमधून तो सुटलाय याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

खोकं पुन्हा नीट पाहिलं. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीचे नियम सक्तीचे झाले आहेत. माझ्या खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण होती, पण त्यासोबत असायला हवा तो नोंदणी क्रमांक नव्हता. असता तर बीआयएस केअर ॲपवर दोन मिनिटांत तपासता आला असता. बिलावर जीएसटी क्रमांक होता, महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा. मोजला तर १४ अक्षरं. खरा १५ अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. पैसे भरण्याआधी तो मागून मोजला असता तर पैसे गेलेच नसते.

विक्रेत्याचं पान आता दिसत नाही, नंबर बंद आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ऑनलाइन पैसे गेल्याबरोबर, तासाभरात हा नंबर लावला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. मी सात महिन्यांनी लावला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पण विक्रेत्याचा पत्ताच खोटा निघाल्यावर नोटीस बजावायची कुणावर, या प्रश्नाशी माझं प्रकरण अडलंय.

कॅमेरे तेच ठेवलेत. सगळे रीसेट करून नव्या अकाउंटला जोडले, बाजारातून बिलासह घेतलेली, तपासलेली कार्डं घातली. दर रविवारी आठ दिवस मागचं एक मिनिट उघडून बघतो. ते अकाउंट कुणाचं होतं हे आईला सांगितल्यावर तिने स्वयंपाकघराच्या दाराकडच्या कॅमेऱ्यावर फडकं बांधलं. ते अजून तिथेच आहे. काढ असं मी तिला म्हटलेलं नाही.