फर ट्रेडच्या जुन्या वस्तू: मणी घ्यावेत की कुऱ्हाडी?

इकडे कॅनडातल्या ओंटारिओत आल्यावर ज्यांना फर ट्रेडच्या इतिहासाची गोडी लागते त्यातले बरेच जण थोड्या दिवसांनी एकच प्रश्न विचारतात, की एखादी अस्सल जुनी वस्तू घरात असावी असं वाटतंय तर सुरुवात कशाने करू. फर ट्रेड म्हणजे युरोपियन व्यापारी इथल्या मूळ रहिवाशांकडून बीव्हरसारख्या प्राण्यांची कातडी घेत आणि बदल्यात मणी, कुऱ्हाडी, ब्लँकेटं देत तो व्यापार. हडसन्स बे कंपनी ही त्यातली मोठी इंग्रज कंपनी, आणि कनू नावाच्या हलक्या होड्यांतून माल नेणारे ते व्हॉयाजर. खिशाला परवडणाऱ्या आणि खरोखर जुन्या अशा दोनच गोष्टी मला दिसतात, काचेचे मणी आणि या व्यापारात दिल्या जाणाऱ्या लोखंडी ट्रेड कुऱ्हाडी. मी दोन्ही जमवलेत.

बाकीचे पर्याय पटकन सांगतो. बंदूक म्हटलं की कायदेकानून आले. चांदीचे ब्रोच आणि क्रॉस सुंदर असतात पण महाग, आणि नकली इतके की अनुभवी लोकही जपून हात घालतात. पट्ट्यांचं पॉइंट ब्लँकेट मला फार आवडतं, कंपनीने ते इंग्लंडमधल्या विटनीच्या थॉमस एम्प्सनकडून १७७९-८० पासून घ्यायला सुरुवात केली, पण त्या काळातली ब्लँकेटं लोकांनी अंगावर वापरून, कापून कोट शिवून संपवली. आज विकायला येतात ती बहुतेक विसाव्या शतकातली. (काठावरच्या निळ्या रेघा, म्हणजे पॉइंट, हे साइझ सांगतात, तितक्या बीव्हरच्या कातड्या असा त्याचा अर्थ नाही, हे विकणाऱ्यालाही कधीकधी माहीत नसतं.)

आता मणी. पहिली गोष्ट म्हणजे ते हातात घेतल्याबरोबर आवडतात. व्हेनिसजवळच्या मुरानोचे नागमोडी पट्ट्यांचे शेव्हरॉन, बोहेमियातले पैलू पाडलेले निळे ज्यांना इथे सगळे रशियन ब्लू म्हणतात, आणि व्हाइट हार्ट, बाहेर लाल काच आणि आत पांढरा गाभा. साधारण १८३० च्या आधीच्या लाल मण्यांचा गाभा हिरवट असतो, भोकापाशी नीट बघितलं की दिसतो. जुना मणी ओळखायचा तर मी रंगाकडे नंतर बघतो, आधी भोकाची कड बघतो. वर्षानुवर्षं दोऱ्यावर शेजारच्या मण्याला घासून ती कड गुळगुळीत आणि थोडी तिरकी झालेली असते, नव्या मण्याची कड बोटाला लागते. आणि या मण्यांना इतिहास किती! नोव्हेंबर १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क हे अमेरिकन संशोधक प्रवासी कोलंबिया नदीच्या मुखाशी होते, तिथल्या एकाच्या अंगावरचा समुद्री ऑटरच्या (पाणमांजराच्या) कातड्याचा झगा त्यांना हवा होता, तो माणूस निळ्या मण्यांशिवाय काही घ्यायला तयार नव्हता, शेवटी त्यांच्याबरोबरच्या सकागावेआ या आदिवासी बाईच्या कमरेचा निळ्या मण्यांचा पट्टा देऊन झगा घेतला. ही गोष्ट माहीत असली की ती निळी माळ बघून कोणालाही मोह होणारच. शिवाय मणी जागा खात नाहीत, गंजत नाहीत, थोड्या पैशात बरंच काही येतं, आणि सामानातून पुण्याला न्यायचे तर कोणी विचारतही नाही.

पण एक गोष्ट मला खटकायला लागली आणि शेवटपर्यंत खटकतच राहिली. मणी आला कुठून हे कळतच नाही. मुरानोचे तेच कारखाने, त्याच काळात, तेच नमुने पश्चिम आफ्रिकेलाही पाठवत होते, आणि आज बाजारात ज्या जुन्या माळा मिळतात त्यातल्या बहुसंख्य गेल्या साठएक वर्षांत आफ्रिकेतून आलेल्या आहेत. मणी अस्सल, वय अस्सल, पण बीव्हरशी त्याचा काडीचा संबंध नाही. विकणारा फर ट्रेड असं लिहून मोकळा होतो. एकाला मी विचारलं की ही माळ कुठली, तर म्हणाला जुन्या कलेक्शनमधली, कोणाचं कलेक्शन विचारलं तर तेच परत. माळ रॅफियावर, म्हणजे आफ्रिकेत वापरतात त्या ताडाच्या पानाच्या धाग्यावर, ओवलेली होती, तेवढ्यावरूनच काय ते समजलं. त्यात भारतातही आता नवे व्हाइट हार्ट बनतात, तेही मिसळलेले असतात.

बरं, समजा एखादा मणी नक्की इथलाच आहे असा पुरावा मिळाला, तर अडचण उलट वाढते. कारण इथल्या जमिनीतून निघालेले मणी बरेचदा माणसांबरोबर पुरलेले असत. ओंटारिओतल्या जॉर्जियन बेच्या दक्षिणेला ओसोसाने नावाचं गाव होतं, तिथला ह्युरॉन-वेंडाट या इथल्या मूळ रहिवाशांचा सामूहिक दफनविधी १६३६ मध्ये ब्रेबफ या फ्रेंच पाद्रीने बघून लिहून ठेवलाय. विसाव्या शतकात ती जागा उकरली गेली आणि त्या अस्थी शेवटी १९९९ मध्ये त्यांच्या वंशजांनी पुन्हा तिथेच पुरल्या. हे वाचल्यावर कोणी पक्का पुरावा आहे म्हणत मूठभर मणी पुढे केले तर आनंद होण्याऐवजी पोटात गोळा येतो. म्हणजे पुरावा नसला तर शंका, असला तर त्याहून मोठी शंका. माझ्यासाठी मणी तिथेच मागे पडले. तुम्हाला याचं एवढं काही वाटणार नाही असंही होऊ शकतं, मी माझं सांगतोय.

कुऱ्हाडही कबरीत सापडते, नाही असं नाही. पण ती रोज वापरायची वस्तू, त्यामुळे शेतात, वाटेवर, नदीकाठी हरवलेल्याही भरपूर. फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात ज्या कुऱ्हाडी आणत त्यातल्या बऱ्याच स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क प्रदेशात बनायच्या, पात्यावर गोल शिक्का आणि त्यात चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा असतात. १६४९-५० मध्ये ह्युरोनिया, म्हणजे ह्युरॉन-वेंडाट लोकांचा प्रदेश, उद्ध्वस्त झाला, लोक विखुरले, वस्तू राहिल्या. एकोणिसाव्या शतकात शेतकरी तिथे नांगर धरायला लागले तेव्हा कुऱ्हाडी इतक्या निघत की लोक त्या भंगार लोखंड म्हणून वापरायचे. त्यामुळे कुणाच्या आजोबांच्या शेतात सापडलेली, घरात पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेली कुऱ्हाड आजही विकायला येते, आणि तिच्याबरोबर शेताचं नाव येतं, कधी जुनी चिठ्ठीही येते. मला तर त्या चिठ्ठीचीच किंमत जास्त वाटते.

दुसरं म्हणजे कुऱ्हाड कशी बनली ते तिच्यावरच दिसतं. लोखंडाची पट्टी तापवून दांड्याच्या जागेभोवती वळवायची, दोन्ही टोकं एकमेकांवर ठोकून जोडायची, धारेला पोलादाचा तुकडा बसवायचा. भोक खालून उजेडात धरा, पट्टी कुठे वळली आणि जोड कुठून सुरू होतो ते दिसतं. जमिनीत राहिलेल्या जुन्या घडीव लोखंडावर लांब लांब रेषा उठतात, सागाच्या फळीवर असतात तशा. ओतीव नकलेवर त्या येत नाहीत, तिथे दाणेदार पृष्ठभाग आणि साच्याची शिवण मिळेल. भारतात आणि पाकिस्तानात बनलेल्या स्वस्त टॉमाहॉकही (छोट्या हातकुऱ्हाडी) बाजारात फिरतात, अॅसिडने गंज चढवून जुन्या म्हणून खपवतात, पण तो गंज सगळीकडे एकसारखा केशरी असतो आणि खाचेत ग्राइंडरच्या रेघा सापडतात. दोन-तीन खऱ्या हाताळल्या की नजर बसते. मण्यांच्या बाबतीत माझी नजर तशी कधी बसली नाही.

कुऱ्हाडीचा त्रास म्हणजे गंज, आणि तो खरा त्रास आहे. जमिनीतून निघालेल्या लोखंडात क्षार असतात, उन्हाळ्यात इथल्या बेसमेंटमध्ये दमटपणा वाढला की पृष्ठभागावर केशरी थेंब फुटतात आणि पापुद्रे सुटायला लागतात. मी बंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो, वर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात देतो. वायर ब्रश अजिबात मारू नका, शिक्का गेला की गेला. थेंब थांबतच नसतील तर म्युझियमच्या कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा.

तर तुम्ही कोकणात किंवा मुंबईत राहत असाल आणि पावसाळ्यात लोखंड सांभाळायची हौस नसेल, किंवा मुलांना हातात देऊन गोष्टी सांगायच्या असतील, तर मणी घ्या, वाईट काही नाही, फक्त फर ट्रेडच्या मण्यांसारखे मणी म्हणून घ्या, फर ट्रेडचेच मणी म्हणून नको. जागा आणि थोडी चिकाटी असेल तर माझ्या मते कुऱ्हाड. ओंटारिओतल्या मिडलंडजवळ सेंट-मारी अमंग द ह्युरॉन्स ही पुन्हा उभारलेली जुनी फ्रेंच मिशन वसाहत आहे, अमेरिकेत नेब्रास्कातल्या चॅड्रनला म्युझियम ऑफ द फर ट्रेड आहे, जमलं तर खरेदीआधी खऱ्या वस्तू डोळ्याखालून घाला.

स्वतः मेटल डिटेक्टर घेऊन निघायचा विचार मात्र करू नका. ओंटारिओत परवान्याशिवाय पुरातत्त्वीय जागेवरून वस्तू काढणं बेकायदा आहे, अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या पुरातत्त्वीय वस्तूंच्या संरक्षणासाठी १९७९ चा कायदा आहे. विकणाऱ्याकडून कुठे सापडली, साधारण कधी, कोणाच्या घरात होती एवढं लिहून आणि सही करून घ्या, आणि तो कां कू करायला लागला तर ती कुऱ्हाड कितीही देखणी असली तरी सोडून द्या.