मेलेली डिस्क आणि साडेचौदा जीबी

जुलैत एका रात्री वीज कडाडली, घरातले दिवे गेले, परत आले, पण माझा लॅपटॉप काही परत आला नाही. चार्जर लावलेलाच राहिला होता. बटण दाबलं की एक दिवा क्षणभर लागायचा आणि विझायचा. लॅपटॉप २०१५ चा, वय झालंच होतं, त्याचं एवढं दुःख नव्हतं. आत १ टीबीची हार्ड डिस्क होती. तिच्यात माझ्या गणिताच्या शिकवणीचे दहा वर्षांचे पेपर, मुलीच्या लग्नाचे फोटो आणि घराच्या कागदांचे स्कॅन. दुसरी प्रत नव्हती. मुलांना रोज "ताळा करून बघा" म्हणून ओरडणारा माणूस मी!

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर दुकानदार मराठी निघाला. इंदुरात आपण आयुष्यभर हिंदीत भाव करतो, आणि अचानक कुणी "काका, बसा ना" म्हटलं की निम्मे तिथेच विरघळतो. आडनाव झालं, मूळ गाव झालं, चहा आला. तेवढ्यात लॅपटॉप आतल्या खोलीत जाऊनही आला. "मदरबोर्ड गेला काका. आणि डिस्कपण शॉर्ट झालीय." पहिलं खरं होतं. डिस्कचा डेटा म्हणे दिल्लीच्या लॅबमध्येच निघेल, साडेसहा हजार लागतील, बाहेर कुठेही गेलात तर पंधरा घेतील. मी ३,००० रुपये आगाऊ दिले. पावतीवर लिहिलं होतं, "लॅपटॉप १ नग, डेड". डिस्क किती जीबीची, तिचा सिरियल नंबर काय, काही नाही. मी मागितलंही नाही. आपल्याच माणसाकडे काय मागायचं?

बारा दिवसांनी त्याने १६ जीबीचा पेन ड्राइव्ह हातात ठेवला. "लॅबने एवढंच वाचवलं." सोबत प्लास्टिकच्या पिशवीत डिस्क. "ही आता शोपीस. ठेवा आठवण म्हणून." उरलेले ३,५०० मी मोजून दिले आणि वर आभार मानले.

हे सगळं तसंच राहिलं असतं, पण इंदुरातल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला पुण्याहून भाचा आला. सहज म्हणून त्याने पेन ड्राइव्ह लावला आणि विचारलं, "मामा, हा गच्च भरलेला कसा?" साडेचौदा जीबी. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये साधारण तेवढंच मावतं. म्हणजे मेलेल्या डिस्कमधून नेमका पेन ड्राइव्हच्या मापाइतकाच डेटा जिवंत निघाला होता! फोल्डरांची नावं जशीच्या तशी, तारखाही माझ्याच. इंग्रजी ए ते एम पर्यंतचे सगळे फोल्डर हजर आणि एन पासून पुढे एकही नाही. कुणीतरी सरळ कॉपी करायला टाकलं होतं आणि जागा संपल्यावर थांबलं होतं. गणित शिकवणाऱ्याला हे दीड महिना दिसलं नाही.

मग त्याने ती शोपीस मागितली आणि माझ्या टेबलाखालचा जुना डेस्कटॉप ओढून बाहेर काढला. कॉम्प्युटर बंद केला, भिंतीतली वायर काढली, डब्याचं बाजूचं झाकण दोन स्क्रूंत उघडलं. "वायर आणावी लागेल ना?" मी म्हटलं. त्याने आतल्या डीव्हीडी ड्राइव्हच्या दोन वायरी उपटल्या, एक बारीक डेटाची, एक रुंद वीजपुरवठ्याची, आणि लॅपटॉपच्या डिस्कला लावून टाकल्या. तंतोतंत बसल्या. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची, डेस्कटॉपची साडेतीन इंची, पण साटा डिस्क असेल (साटा म्हणजे डिस्क जोडायची एक ठरावीक पद्धत) तर दोन्हींची तोंडं एकसारखीच असतात. छोट्या डिस्कला फक्त ५ व्होल्ट लागतात आणि ते त्याच वायरीतून मिळतात. स्क्रूने कसायचीही गरज नव्हती. खालचा सर्किट बोर्ड डब्याच्या पत्र्याला टेकू नये म्हणून त्याने डिस्क माझ्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवली. सगळं मिळून दहा मिनिटं. म्हणजे ज्या कामासाठी मी दिल्लीच्या लॅबचे पैसे मोजले, त्याची सामग्री वर्षानुवर्षं माझ्या पायाशी धूळ खात पडली होती.

कॉम्प्युटर चालू केला तर "शॉर्ट झालेली" डिस्क गुरगुरत का होईना, उघडली. आकार दिसला ४६५ जीबी. माझी १ टीबीची. युझर्सच्या फोल्डरमध्ये एका मुलीचं नाव. परवानगी नाही असं कॉम्प्युटरने एकदा म्हटलं, कंटिन्यू दाबल्यावर आत सोडलं. कॉलेजचे प्रोजेक्ट, मार्कशीट, बायोडाटा. तेवढं पाहिलं आणि मी भाच्याला बंद करायला सांगितलं. माझ्या हातात कुणा परक्या मुलीचं कपाट होतं. मग माझं कपाट कुणाच्या हातात असेल? त्यात आधार, पॅन, घराची रजिस्ट्री. त्या रात्री आधी ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड बदलले, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि मगच जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तो अजिबात गडबडला नाही. "काका, टीबी कॉम्प्युटरमध्ये कमीच दिसतो." थापेतही अर्धं सत्य होतं, म्हणूनच ती चालते. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे १ टीबी ९३१ जीबी दिसतो. पण ४६५ दिसतो तो ५०० जीबीचा. मी त्याच्याच टेबलावर भागाकार मांडून दाखवला. मग सूर बदलला. पोराकडून अदलाबदल झाली असेल, नवी १ टीबी देतो, विषय संपवा. मला नवी नको होती, माझी हवी होती. ती काही त्याच्याकडून निघाली नाही.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर उद्या कुणी माझं वाचून बरी-वाईट प्रत्येक डिस्क जोडायला घेईल. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती खरंच आजारी असते. तेव्हा वीज लावू नये आणि ती उघडूही नये. अशी दुरुस्ती खरोखर धूळविरहित खोलीत होते आणि महागच पडते. बंद पडलेल्या लॅपटॉपची डिस्क मात्र बहुतेकदा ठणठणीत असते. जोडल्यावर विंडोजने "फॉरमॅट करू का" किंवा "इनिशियलाइझ करू का" विचारलं तर नाही म्हणायचं, मोह झाला तरी. फार जुन्या लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला (साटाच्या आधीची पद्धत) बारीक पिनांसाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये डिंकाच्या पट्टीसारखी एम.२ कार्डं असतात, त्यांचं तोंड वेगळं असतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधावी लागते. घरात डेस्कटॉप नसेल तर यूएसबीची साटा केबल बाजारात मिळते. मी नंतर जेल रोडवरून काही शे रुपयांत घेतली. आणि डिस्क कुणाच्या हाती द्यायचीच असेल तर आधी तिच्या लेबलचा फोटो काढा, सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

बायोडाट्यातल्या नंबरवर मी फोन केला. आधी ती मुलगी घाबरली, स्वाभाविकच. मग वडिलांना घेऊन आली. तेच दुकान, दोन वर्षांपूर्वी, तीच दिल्ली. तिला ५,००० रुपये घेऊन "काहीच निघालं नाही" सांगितलं होतं, आणि लॅपटॉप भंगारात म्हणून वर ठेवून घेतला होता. डिस्क टेबलावर उघडली तेव्हा ती आजीचा फोटो शोधत होती. मी पाणी आणायला आत गेलो.

तिच्या वडिलांना तक्रारीत पडायचं नव्हतं. "जाने दीजिए साहब, बच्ची का सामान मिल गया." मी मात्र १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. दुकानाकडून उत्तर आलं नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. पोलीस ठाण्यातही डिस्कबद्दल लेखी दिलं आहे. लॅपटॉपचं २०१५ चं बिल सापडलं, त्यावर १ टीबी स्पष्ट छापलेलं आहे. "१ नग, डेड" ची पावती त्याला टाचून ठेवली आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.