फोनवरच "तिथेच राहू द्या" सांगणारी बडोद्याची पक्षी रेस्क्यू टीम

रेटिंग आधी सांगते, पाचपैकी पाच. आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आम्ही ज्या ज्या पिल्लांसाठी फोन केला त्यातली बरीचशी त्यांनी घेतलीच नाहीत. काहींना वाटेल ही काय तारीफ झाली, पण पुढे वाचा.

ही बडोद्यातली व्हॉलंटिअर मंडळी आहेत, जीवदयावाली, कुणी नोकरी करतं कुणी कॉलेजात आहे, आणि पक्ष्यांचे एक डॉक्टर त्यांच्याबरोबर असतात. नाव आणि नंबर मुद्दाम टाकत नाहीये कारण सगळे त्यांचे पर्सनल मोबाईल आहेत आणि उघड्यावर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय. तुमच्या भागात अशी टीम कुठली ते सोसायटीच्या ग्रुपवर विचारलंत की लगेच कळेल, आणि कुणीच नाही सापडलं तर १९६२ नंबरची करुणा अ‍ॅम्ब्युलन्स आहेच, २०१७ पासून गुजरातमध्ये सुरू आहे आणि फुकट आहे. आपल्याकडे पावसाळ्यात विश्वामित्री नदीतली मगर सोसायटीत शिरली तर काय करायचं हे शाळकरी पोरंही सांगतात, पण बागेत बुलबुलाचं पिल्लू दिसलं की मोठी माणसंसुद्धा आधी वाटीत दूध घेऊन धावतात, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आमचं मांजलपूरला जुनं टेनामेंट आहे, मागे चिकू, कंपाउंडवर मधुमालती, आणि बाजूला सोसायटीचा मोठा कडुलिंब. म्हणजे होळी झाली की पाऊस लागेपर्यंत काही ना काही खाली सापडतंच.

फोन केला की ते पत्ता नंतर विचारतात. आधी प्रश्न सुरू. डोळे उघडलेत का, अंगावर पिसं आहेत की नुसत्या निळसर काड्या, शेपटी केवढी आहे, बोट पुढे केलं तर पकडून बसतं का, रक्त दिसतंय का, एक पंख लोंबतोय का, मांजर आसपास होतं का, आणि वरच्या फांद्यांवर कुणी ओरडतंय का. मग फोटो मागतात, तोही लांबून. पहिल्यांदा मला वाटलं की येणार आहेत की नाही, नुसती चौकशीच चाललीये, पण त्या प्रश्नांतच अख्खी केस असते हो. पिसं आलीयेत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय आणि बोट घट्ट पकडतंय, तर ते पिल्लू पडलेलं नसतं, ते स्वतःहून घरट्याबाहेर आलेलं असतं. बुलबुलाची पिल्लं जेमतेम बारा दिवसांची झाली की नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात, मग काही दिवस झुडपात खालीखाली लपून राहतात आणि आईबाप दोघं तिथे येऊन भरवतात.

आमच्याकडे एक असंच मनीप्लांटच्या कुंडीच्या कडेला बसलं होतं, चोचीच्या कडांना पिवळी किनार, बुडाखालचा लाल अजून फिका, आणि डोक्यावरचा तुरा म्हणजे दोन विस्कटलेली पिसं. फोनवरची मुलगी म्हणाली, "ताई, उचलून मधुमालतीत जरा वर बसवा, मांजर हाकला, आणि तुम्ही सगळे घरात जा, तुम्ही तिथे उभे राहिलात तर आई येणार नाही." बस, एवढंच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते तर चहा उकळेपर्यंत मोठा बुलबुल चोचीत नाकतोडा घेऊन आला, आधी तारेवर बसून इकडेतिकडे बघितलं, मग वेलीत शिरला, आणि आत पिल्लाचा जो काही गोंधळ सुरू झाला! नाकतोडा पिल्लाच्या तोंडापेक्षा मोठा होता, पाय बाहेर लोंबत होते, बुलबुलाने तो परत काढून घेतला, फांदीवर आपटला आणि पुन्हा भरवला. हे काम मी ड्रॉपरने केलं असतं का? आणि त्या टीमला एखादं पिल्लू सेंटरवर घेऊन जाणं किती सोपं होतं, फोटो निघाला असता, डोनेशन मिळालं असतं. ते त्यांनी केलं नाही, फोन कापायच्या आधी फक्त एवढं म्हणाले की अंधार पडेपर्यंत कुणीच आलं नाही तर परत कळवा.

माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते हे आमच्या घरी आत्यांपासून सगळ्यांचं पक्कं मत. त्यांनी शांतपणे समजावलं की तसं नसतं, पक्षी आपल्या पिल्लाला काही वासावरून ओळखत नाहीत, उचलून घरट्यात ठेवलं तर परत भरवतात. आणि हे आम्ही होल्याच्या (कबुतरासारखाच, पण लहान पक्षी) बाबतीत बघितलं. होल्याचं घरटं म्हणजे चार काड्या, अवकाळी वारा सुटला आणि सगळं खाली, पिल्लू वाचलं पण घरटंच राहिलं नाही. त्यांनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं की आइस्क्रीमचा रिकामा डबा घ्या, तळाला भोकं पाडा म्हणजे पाणी साठणार नाही, सुकं गवत आणि त्याच्याच जुन्या काड्या टाका, त्याच फांदीला सावलीत घट्ट बांधा. आमच्या मोठ्या मुलाने बांधला. पिल्लाची आई येऊन त्या डब्याच्या काठावर बसली, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिली आणि मग आत उतरली.

मग घेतात कुठली? रक्त असेल, हाड मोडलेलं असेल, आईबाप मेलेत हे नक्की असेल, किंवा मांजराच्या तोंडातून सुटलेलं असेल तर ते लगेच येतात. हे मांजराचं सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा, कारण वरून एक ओरखडासुद्धा दिसत नाही, पक्षी ठीक वाटतो, आपण म्हणतो चला वाचला, पण मांजराच्या दातांमधले जंतू आत गेले की एकदोन दिवसांत पक्षी जातो. त्याला चोवीस तासांच्या आत अँटिबायोटिक लागतं आणि तेही डॉक्टरने वजन करून दिलेलं. आमच्या शेजारच्या बोक्याने दयाळ पक्षी धरला होता तेव्हा त्यांचा एक मुलगा अ‍ॅक्टिवावर पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला. त्याची पद्धत बघण्यासारखी होती. बोलणं एकदम बंद, आधी सुती कापड टाकून पक्ष्याचं डोकं झाकलं, मग दोन्ही पंख अंगाला मिटवून हातात घेतला, छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवलं (हाड धारदार लागलं तर उपाशी आहे समजायचं), एकेक पंख उघडून उजेडासमोर धरला, चोच उघडून आत बघितलं, आणि सरळ खोक्यात. आमच्या मुलांनी जवळ जायला बघितलं तर म्हणाला, बेटा, ह्याच्यासाठी आपण सगळे मांजरच आहोत. एका वाक्यात पोरं शांत झाली.

ते येईपर्यंत आपण काय करायचं हेही सांगतात आणि ते फार कमी असतं. पुठ्ठ्याचा खोका, भोकं पाडलेला, खाली जुन्या साडीचं मऊ कापड, टर्किशचा टॉवेल नको कारण त्याच्या धाग्यात नखं अडकतात. अंधार, शांतता, आणि पिल्लू लहान असेल तर खोक्याच्या अर्ध्या भागाखाली कोमट पाण्याची बाटली, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येतं. लोखंडी पिंजरा नको, पिसं मोडतात. हळद-तेल-तूप काही लावायचं नाही, तेलाने पिसं चिकटली की पक्षी गेलाच. आणि तोंडात पाणी घालायचं नाही. ह्यावर ते फार कडक आहेत. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या लगेच मागे उघडते, आपण प्रेमाने थेंब टाकतो आणि तो थेट फुप्फुसात जातो. दूध तर त्यांना पचतच नाही.

इथे एक राग काढून घेते. आमच्या शेजारच्या मासींनी अशाच एका पिल्लासाठी जवळच्या पेट शॉपमध्ये विचारलं तर दुकानदाराने पक्षी कुठला हेही न विचारता पोपटाच्या पिल्लांची पावडर हातात दिली, चांगली महाग, वर म्हणाला दिवसातून तीनदा द्या. ते पिल्लू साळुंकीचं होतं. त्या वयाच्या साळुंकीला किडे लागतात, आणि उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर वीस-तीस मिनिटांनी लागतात. टीमने त्या पावडरीबद्दल मासींना एक शब्द बोलला नाही, फक्त पिल्लू घेतलं आणि म्हणाले बरं झालं लवकर फोन केलात. ह्या वागण्याचे वेगळे मार्क द्यायला हवेत, कारण ज्याला एकदा ओरडा बसला तो पुढच्या वेळी फोन करत नाही.

आता उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण. बडोद्यात राहून त्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्ण होऊच शकत नाही. दरवर्षी १० ते २० जानेवारी सरकारचं करुणा अभियान असतं, जागोजागी उपचार केंद्रं लागतात, आणि ही मंडळी त्यात असतात. मी १४ तारखेच्या संध्याकाळी अगाशीवर (गच्चीवर) सापडलेली एक घार घेऊन गेले होते. आत टेबलांवर ट्यूबलाइटखाली ओळीने खोके, प्रत्येकावर नंबर आणि कुठे सापडला त्याची चिठ्ठी, कबुतरं सगळ्यात जास्त, मग घारी, एक काळा शराटी, आणि वटवाघूळही होतं. आवाज जवळजवळ नाहीच, बाहेर एवढे स्पीकर चालू असताना आत सगळे खुणांनी बोलत होते. घारीच्या पंखाला दोरी गुंडाळलेली होती ती मी तशीच ठेवली होती, कारण फोनवर सांगितलं होतं की ओढू नका, दोन्ही बाजूंना वीतभर सोडून कापा आणि पंख अंगाला लावून कापडात गुंडाळा. डॉक्टरांनी मला दाखवलं की पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत एक पातळ कातडं ताणलेलं असतं, दोरी बहुतेक वेळा तेच चिरते. हाड शाबूत असलं तरी ते कातडं गेलं की उडणं संपलं. म्हणून जखम सुकायच्या आधी शिवावी लागते, म्हणून लवकर आणा म्हणतात. माझ्या घारीबद्दल त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. म्हणाले टाके घालतो, पण उडेल का ते आत्ता सांगता येणार नाही. मला ते आवडलं.

नायलॉनच्या मांज्यावर हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे, सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात पतंग उडवू नका असं दरवर्षी आवाहन होतं कारण पक्षी त्याच वेळी जातात-येतात, तरी जे व्हायचं ते होतंच. पण ह्या टीमचं खरं काम मला १५ तारखेनंतर दिसलं. वासी उत्तरायण (सणाचा दुसरा दिवस) झालं की आपण तिळगूळ संपवून मोकळे, आणि झाडांवरची दोरी तशीच लोंबत राहते, मार्च-एप्रिलपर्यंत बगळे आणि वटवाघळं अडकत राहतात. हे लोक लांब बांबू घेऊन सोसायट्यांमध्ये येतात, मुलांना दोरीचे गुंते गोळा करायला लावतात. आमच्या कडुलिंबावरून पिशवी भरून निघाली.

कमी काय आहे तेही लिहिते. उत्तरायणच्या दोन दिवसांत फोन लागणं कठीण, एंगेज किंवा उचलत नाहीत, तेव्हा वाट न बघता सरळ केंद्रावर घेऊन जा. दुसरं म्हणजे पक्ष्याचं पुढे काय झालं ते स्वतःहून कळवत नाहीत, आणि भेटायला तर अजिबात येऊ देत नाहीत. पोरांना ह्याचं फार वाईट वाटलं. कारण विचारलं तर म्हणाले माणसांची सवय लागलेला पक्षी बाहेर सोडला की कुत्र्यामांजराकडेही तसाच जातो. पटतं, पण एक मेसेज टाकायला हरकत नाही असं मला अजूनही वाटतं.

आणि पोपटाच्या बाबतीत त्यांच्याशी घासाघीस करू नका. आमच्या लाइनीतल्या एका घरी ढोलीतून पडलेलं पोपटाचं पिल्लू पाळायचं ठरलं होतं, नावही ठेवून झालं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आपला साधा हिरवा पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे. त्यांनी आवाज न चढवता हे सांगितलं, वनखात्याला कळवून रीतसर कागद केला आणि पिल्लू नेलं.

पैसे मागत नाहीत. द्यायचेच असतील तर विचारा काय हवंय, आम्हाला तरी रोख नको म्हणाले, रद्दी पेपर, बुटांचे रिकामे खोके, जुन्या सुती साड्या आणि डिस्पोजेबल ग्लव्ह्ज सांगितले. सध्या उन्हाळा चढतोय, बेचाळीस-त्रेचाळीसला पारा गेला की घारी चक्कर येऊन अगाशीवर पडतात, तेव्हा अंगावर पाणी ओतू नका, सावलीत खोक्यात ठेवा, शेजारी उथळ थाळीत पाणी ठेवा आणि फोन करा. खोके मी गोळा करतेय, मांजलपूरमध्ये कुणाकडे असतील तर कळवा, रविवारी नेऊन देते.