बर दुबईतलं स्वयंपाकघरासह अपार्टमेंट: सोलापूरच्या कुटुंबाच्या बजेटात बसतं का?

बर दुबई आणि करामा भागात काही दिवसांसाठी भाड्याने मिळणाऱ्या स्वयंपाकघरासह अपार्टमेंटबद्दल आधी निकाल सांगतो. चौघांचं कुटुंब पाच रात्रींहून जास्त राहणार असेल तर हॉटेल सोडून हेच घ्यावं. तीन रात्रींसाठी मात्र नको. सफाई शुल्क एकदाच लागतं, पण कमी रात्रींवर ते जड पडतं, आणि तेल-पिठाची अर्धी पाकिटं तिथंच टाकून निघावं लागतं.

जाहिरातीतलं भाडं हा पूर्ण आकडा नव्हे. त्यावर 5 टक्के व्हॅट, सफाई, आणि अशा अपार्टमेंटला (तिथं 'हॉलिडे होम') दर बेडरूममागे दर रात्री 10 किंवा 15 दिर्हम पर्यटन शुल्क. आजी-आजोबांसाठी दुसरी बेडरूम घेतली तर दोन्हींचे मिळून सहा रात्रींचे 120 ते 180 दिर्हम यातच गेले. अनामत रक्कम कार्डावर अडकते, म्हणून रोजच्या खर्चाचं कार्ड वेगळं ठेवा. ज्या कार्डावर परकीय चलनाचा 3.5 टक्के आकार आहे, त्यावर जीएसटी धरून 4.13 टक्के जातात. मशीनने 'रुपये की दिर्हम' विचारलं तर दिर्हमच निवडा.

आता खरा मुद्दा, स्वयंपाकघर. शेगडी बहुधा विजेची, काचेच्या पृष्ठभागाची असते. बुकिंगआधी ती इंडक्शन आहे की साधी सिरॅमिक, हे विचारून फोटो मागवा. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. सिरॅमिकवर चालतो, पण बूड सपाट हवं. गोल बुडाची कढई दोन्हींवर निरुपयोगी. फुलका आचेवर फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्याने दाबून शेकावा लागतो. सिरॅमिकची काच बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून दूध वर येण्याआधीच बटण बंद करा, नाहीतर उतू जातं. फोडणीला धुराचा अलार्म वाजतो. एक्झॉस्ट आधी सुरू करा, तेल धुरावू देऊ नका. कुकर आणि पोळपाट-लाटणं तिथं मिळेल असं धरू नका. 3 लिटरचा कुकर चेक-इन बॅगेत बसतो. व्होल्टेज आपल्यासारखंच असतं, फक्त तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर लागतो.

सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगा चटणी जरूर न्यावी. शेगडी नको, फ्रीज नको, सहा दिवसांचा नाश्ता सुटतो. मात्र घरच्या डब्याला सीमाशुल्क तपासणीत हरकत घेतली जाऊ शकते, त्यामुळे घटक छापलेली सीलबंद पाकिटंच घ्या. काळ्या मसाल्याचं पाकीट तर उलटून वाचाच: त्यात खसखस असेल तर ते घरीच राहू द्या. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती बाळगल्याबद्दल अटक झालेली आहे. अनारसे, लाडू यांनाही हाच नियम. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर भारतातच चेक-इन बॅगेतून काढून घेतात.

तांदूळ-डाळ वाहून नेण्यात अर्थ नाही. चौघांच्या सहा रात्रींच्या जेवणाला 2 किलो तांदूळ आणि 1 किलो तूरडाळ पुरते, आणि ती तिथंच घ्यावी. लुलूसारखी मोठी दुकानं आहेत. धनंजय दातार यांच्या 'अल आदिल'मध्ये मराठी घराला लागणारा किराणा मिळतो.

बचत होते ती नाश्ता आणि रात्रीच्या जेवणात. दुपारी फिरताना बाहेर खाणं होणारच, ते बजेटात आधीच मांडा. सगळी जेवणं घरी करायचा हट्ट धरला तर घरातल्या बाईची सुट्टी चुलीपुढेच जाते, आणि तो खर्च कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

लांबच्या भागातलं स्वस्त अपार्टमेंट बघून भुलू नका. मेट्रोचं साध्या नोल कार्डावरचं (तिथलं प्रवासाचं कार्ड) भाडं झोननुसार 3, 5 आणि 7.50 दिर्हम आहे. रोज दोन झोनपलीकडे ये-जा असेल तर चौघांचे दिवसाला 60 दिर्हम होतात. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. बर दुबईहून खाडीपलीकडे देराला अब्रा, म्हणजे छोटी होडी, 1 दिर्हममध्ये नेते.

एक खर्च सोलापूरकरांच्या हमखास नजरेतून सुटतो. परतीचं विमान मुंबईत रात्री उशिरा उतरलं तर सिद्धेश्वर एक्सप्रेस हुकते आणि मुंबईत एक मुक्काम वाढतो. दुपारपर्यंत उतरणारं विमान थोडं महाग असलं, तरी चौघांच्या मुक्कामाच्या खर्चाशी ताडून बघा आणि मगच तिकीट काढा.