टेट्रिस की गॉन होम: गेम कशाला म्हणायचं?

व्हिडिओ गेम नेमका कशाला म्हणायचं, हा वाद नौपाड्यातल्या आमच्या कट्ट्यावर मिटत नाही. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी केलेल्या टेट्रिसला गोष्ट नाही, पात्रं नाहीत. ठोकळे रचत राहायचं. २०१३ च्या गॉन होम या गेममध्ये हरायचा प्रश्नच नाही. रिकाम्या घरात फिरायचं, ड्रॉवर उघडायचे, चिठ्ठ्या वाचायच्या आणि धाकट्या बहिणीचं काय झालं ते आपणच जुळवायचं. काहीजण त्याला ‘वॉकिंग सिम्युलेटर’, म्हणजे नुसतं चालत फिरायचं, असं म्हणून हिणवतात. मला हे अजिबात पटत नाही. कुठल्या खोलीत जायचं, काय उचलून बघायचं हे मी ठरवते. नुसती बघत बसले तर गोष्ट सरकतच नाही. म्हणजे गेमच! गेम कुठल्या प्रकारचा आहे याचं लेबल मात्र हवं: ठाणे लोकलमध्ये उभ्यानं टेट्रिस जमतं, गॉन होमला हेडफोन आणि निवांत रात्र लागते.