बेसमेंटमधला स्टुडिओ: दुसऱ्या उन्हाळ्यात काय टिकलं, काय नाही

ऐन जुलैत माझ्या तबल्याच्या स्टुडिओतला डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं मशीन) बंद पडला. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पण बादली कोरडी. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांवरून ६८ वर गेली आणि काळी चार या स्वराला मिळवून ठेवलेला तबला सकाळपर्यंत चांगलाच उतरला. स्टुडिओचा अनुभव सावकाश लिहायचा विचार होता, तो आता रागाच्या भरात लिहिते आहे. त्यामुळे माइक आणि इंटरफेसपेक्षा पाण्याबद्दलच जास्त असेल.

घर मध्य न्यू जर्सीत, ऐंशीच्या दशकातलं. बेसमेंटच्या भिंती काँक्रीट ब्लॉकच्या, छत जेमतेम सात फूट, स्टुडिओची खोली अकरा बाय चौदा. शनिवार-रविवार मुलं तबला शिकायला येतात. एरवी पहाटे माझा रियाज, आणि भारतातल्या गायकांना ठेका रेकॉर्ड करून पाठवायचं काम. सामान म्हणजे तबल्याच्या चार जोड्या, एक हार्मोनियम आणि मिरजेचा तानपुरा. ‘मिरज तानपुरा’ला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझा त्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि या घरात माझा सगळ्यात जास्त जीव त्याच्यावर आहे.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जे केलं ते जमलं. छताला रेझिलियंट चॅनल (कंपन पुढे जाऊ न देणाऱ्या लवचिक धातूच्या पट्ट्या), त्यावर ५/८ इंची ड्रायवॉलचे, म्हणजे जिप्समच्या पाट्यांचे, दोन थर, मध्ये ग्रीन ग्लू हा आवाज जिरवणारा लेप, भरीव लाकडी दार आणि त्याला चारही बाजूंनी रबरी पट्ट्या. पहाटे पाचला तबल्यावर कायदा (बोलांची एक रचना) वाजवला तरी वर सासूबाईंची झोप मोडत नाही. डग्ग्याची घुमक जिन्यात थोडी जाणवते, तेवढं चालतं. या कामाला पाचपैकी साडेचार.

पण आवाज अडवायचा तर हवा अडवावी लागते, आणि बेसमेंटमध्ये हवा अडवली की ओल कोंडते. ही गोष्ट मला कुठल्याच कंत्राटदाराने स्वतःहून सांगितली नाही. बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार मुलं आणि मी, एक तासाचा वर्ग. एवढ्यात पेलाभर पाणी खोलीच्या हवेत येतं आणि त्याला बाहेर जायला फट नाही.

भारतातून फोनवर सगळे सांगतात, खिडकी उघड, हवा खेळती ठेव. पुण्याच्या घरात हे बरोबर आहे. इथे जमिनीखालच्या भिंती जुलैतही थंड असतात आणि बाहेरची हवा इतकी दमट असते की ती आत येऊन थंड भिंतीला लागली की पाणी सोडते. उन्हाळ्यात बेसमेंटची खिडकी उघडणं म्हणजे ओल आत बोलावणं. हवा कोरडी करण्याचं काम मशीननेच करायचं, दुसरा मार्ग नाही.

यात वाद्यांचे हाल कसे होतात ते तबलजींना वेगळं सांगायला नको. पुडी, म्हणजे तबल्याचं तोंड, बकऱ्याच्या कातड्याची. ओल शोषते, सैल पडते, स्वर उतरतो. मग आपण गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून तबला चढवतो. रात्री मशीन चालून हवा कोरडी झाली की तीच पुडी गरजेपेक्षा जास्त ताणली जाते. असं रोज होत राहिलं की आधी पुडीची किनार, म्हणजे कडेचं कातडं, जाते. हार्मोनियमच्या पट्ट्या फुगून अडकतात, त्या निदान हवा सुकल्यावर सुटतात. पुडी परत येत नाही. पुण्यात पुडी बदलून आणायची म्हणजे एका संध्याकाळचं काम. इथे चांगला कारागीर गाठायचा तर दुसऱ्या राज्यात जावं लागतं, म्हणून आम्ही सगळेच भारतवारीत पुड्या भरून आणतो. माझ्या लेखी मशीनची किंमत डॉलरमध्ये नाही, वाचलेल्या पुड्यांमध्ये आहे.

आता मशीन. पहिला घेतला तो ५० पाइंटचा (दिवसाला इतकं पाणी हवेतून काढणारा), एका मोठ्या ओळखीच्या ब्रँडचा. नाव लिहीत नाही. शोधताना जुने ‘७० पाइंट’वाले अर्ध्या किमतीत दिसतात आणि मोह होतो. त्या आकड्यावर जाऊ नका. २०१९ पर्यंत अमेरिकेत या मशीनांची चाचणी ८० फॅरनहाइटला व्हायची, नंतर ती ६५ ला करू लागले. थंड हवेतून पाणी कमी निघतं, म्हणून पूर्वीचं ७० पाइंटचं यंत्र आता साधारण ५० पाइंट म्हणून विकलं जातं. बेसमेंट ६५ च्याच आसपास असतं, तेव्हा नवा आकडाच आपल्या कामाचा. जुन्या मशीनला अर्धे पैसे देऊन जास्त काही मिळत नाही, उलट वॉरंटी जाते.

वॉरंटी असूनही काय होतं ते ऐका. कंपनीने आधी बिल मागितलं, मग सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो, मग फिल्टर धुतल्याचा पुरावा. फिल्टर धुतल्याचा पुरावा कोण ठेवतं? शेवटी पत्र आलं: यंत्राची वायर कापा, कापलेल्या वायरचा फोटो पाठवा, नंतर दावा तपासू. आधी यंत्र कायमचं निकामी करायचं आणि मग ते ठरवणार पैसे द्यायचे की नाही! मी कळवलं, दावा मंजूर झाल्याचं लेखी येईपर्यंत वायर कापणार नाही. दर वेळी नवा माणूस फोनवर, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. ऑगस्टच्या शेवटी लेखी मिळालं, वायर कापली, आणि वापराचे महिने वजा करून उरलेले पैसे परत आले. माझा सल्ला सरळ आहे: लेखी हातात आल्याशिवाय कात्री लावू नका.

दरम्यान मी थांबू शकत नव्हते, दुसरं मशीन घेतलं. आणि इथे माझं मत बदललं. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटायचं की मशीन खोलीतच हवं, जिथे वाद्यं तिथे कोरडी हवा. पण खोलीत कॉम्प्रेसरचा आवाज ५० डेसिबलच्या आसपास, त्यात तानपुरा रेकॉर्ड करणं अशक्य. मशीन बंद करून वाजवायचं तर दुसऱ्या टेकपर्यंत तबला उतरलेला. नवीन मशीन फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या भट्टीच्या) बाजूला, स्टुडिओच्या बाहेर ठेवलं आहे. कोरडी हवा सहा इंची लवचिक डक्टने आत येते, तेवढीच दुसऱ्या डक्टने परत जाते. दोन्ही डक्ट प्लायवुडच्या पेटीतून नागमोडी वळवले आणि पेटीला आतून मिनरल वूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) लावलं. हवा वळते, आवाज वाटेत जिरतो. पंप असलेलं मॉडेल घेतल्यामुळे पाणी नळीने थेट सिंकमध्ये जातं, बादली उपसायची नाही. आता रेकॉर्डिंग चालू असतानाही आर्द्रता ४८ ते ५२ मध्ये राहते. सलग दोन तास वाजवून तबला जागेवर राहिला तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्याही नव्या माइकने दिला नव्हता. विजेचं मीटर लावून पाहिलं: उन्हाळ्यात महिन्याला तीस-पस्तीस डॉलर. हे पैसे मी आनंदाने देते.

मशीन भिंतीतल्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन नको, आणि वर धूरसूचक असू द्या. २०१३ मध्ये अमेरिकेत वीस लाखांहून जास्त डिह्युमिडिफायर आगीच्या धोक्यामुळे परत मागवावे लागले होते. हे यंत्र आपण झोपल्यावर चालतं, हे विसरू नये.

हिवाळ्यात सगळं उलटं. फर्नेस सुरू झाला की आर्द्रता २५ टक्क्यांवर येते, पुडी चढते, तानपुऱ्याच्या खुंट्या आक्रसून सैल होतात आणि स्वर धरत नाहीत. भोपळ्याला तडा जाईल ही धास्ती वेगळी. नोव्हेंबर ते मार्च साधा ह्युमिडिफायर (हवेत ओल सोडणारं यंत्र) लावते, ४० च्या खाली जाऊ देत नाही. फक्त डिह्युमिडिफायरवर भागेल असं सांगणाऱ्याने इथला जानेवारी पाहिलेला नाही.

खोलीतल्या आवाजाबद्दल थोडक्यात. दोन इंची फोमच्या चौकटी परत केल्या. त्या टाळीचा प्रतिध्वनी मारतात, पण डग्ग्याच्या खर्जाला हात लावत नाहीत. त्याच पैशांत चार इंची मिनरल वूलच्या चौकटी करून त्यावर सुती कापड ताणलं, फरक लगेच कळला. तरीही डग्गा फुगायचा. सात फूट उंचीच्या खोलीत जमीन आणि छत यांच्यात साधारण ८० हर्ट्झचा स्वर उभा राहतो, आणि आपला डग्गा त्याच पट्ट्यात बोलतो. तो दाब जमिनीलगत आणि छतालगत सर्वांत जास्त, मधल्या उंचीवर सर्वांत कमी. माइक दीड फुटांवरून साडेतीन फुटांवर नेला आणि फुगारा निम्म्याहून कमी झाला. एक पैसा न खर्चता.

रेडॉनची (जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) चाचणी ड्रायवॉल लावायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करा. खोली जितकी बंदिस्त तितका तो साचतो, आणि मुलं तिथे तासन् तास बसणार असतात. लिटरला ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आलं तर पर्यावरण खात्याच्या शिफारशीप्रमाणे तो बाहेर काढणारा पंखा बसवावा. माझं त्याच्या खाली आलं.

राहिलं जमिनीतून येणारं पाणी. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात आमच्या भागातली कितीतरी बेसमेंटं भरली. वीज गेली की संप पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात साचणारं पाणी बाहेर फेकणारा पंप) थांबतो, आणि वीज जाते ती नेमकी पावसातच. म्हणून गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला नाही, सुटा अंथरला आहे. तानपुरा भिंतीला उंच टांगला आहे, तबले फळीवर आहेत, सॉकेट कमरेच्या उंचीवर आहेत. कंपनीकडून परत आलेल्या पैशांची संप पंपाला बॅटरी घेतली, ती या शनिवारी बसते आहे.